ओक्सचा करार आणि माझी शपथ

पोर्ट ॲडलर, ओहायो
मे महिन्यातला पहिला मंगळवार

तीर्थस्वरूप ल्युडमिला मावशीस,

लेनीचा सविनय नमस्कार. (मठात सगळे तुला सिस्टर म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण तू लहानपणी माझं नाक पुसलेलं आहेस, आणि नाक पुसणाऱ्या बाईला सिस्टर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? नव्या मदर सुपीरियर रेडिओ लावू देतात की अजून तुला तो उशीखाली ठेवावा लागतो? मठातल्या त्या आंधळ्या मांजरीला पिल्लं झाल्याचं मार्लीनने सांगितलं. आंधळी असून तिने वेळेवर योग्य निर्णय घेतला, एवढं आपल्या संघाच्या मॅनेजरला डोळे असून जमलेलं नाही. पण त्याकडे मी नंतर येतो.

इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात कोणीच खुशाल नाही. मार्लीनची दाढ दुखते, तळघरात पाणी येतं, माझ्या शाळेच्या बसमध्ये एका मुलीने मागच्या सीटखाली उकडलेलं अंडं ठेवलं आणि ते सापडेपर्यंत आठवडा गेला. ही सगळी दुःखं मी सोसली असती. माणूस सोसतो. पण आपल्या फुटबॉल संघाने चेंडू फेकणाऱ्या ओक्सला पाच वर्षांचा नवा करार दिला आहे, आणि तो खेळो, बसो की झोपो, शेवटच्या डॉलरपर्यंत त्याला सगळं मिळणार असं त्यात लिहिलेलं आहे. ही गोष्ट तुला उशीखालून कळलीच असेल. त्यानंतर आमच्या घरात काय झालं हे मात्र कोणी तुला सांगितलं नसणार, म्हणून हा पत्रप्रपंच.

ओक्स माणूस म्हणून चांगला आहे हे मी आधीच कबूल करतो, नाहीतर तू मला पापकबुलीला पाठवशील. तो इस्पितळातल्या मुलांना गोष्टी वाचून दाखवतो. आईला दर रविवारी फुलं पाठवतो. हरल्यावर समोरच्या संघातल्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करतो, त्यामुळे त्याचा तेवढा सराव तरी दांडगा झाला आहे. माझा सज्जनपणाला आक्षेप नाही, मावशी. आक्षेप आहे तो चेंडू फेकतानाही सज्जन राहण्याला. समोरच्यांनाही एखादा मिळावा, अशी त्याची वृत्ती दिसते. आमच्या लग्नाला इतकी वर्षं होऊनही मार्लीनला हा खेळ कळत नाही, पण परवा तिच्या बहिणीने क्वार्टरबॅक म्हणजे कोण असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, “ज्याच्या हातात दर वेळी आधी चेंडू देतात आणि मग लेनी ज्याला शिव्या देतो, तो.” टीव्हीवर सूट घालून बसणाऱ्यांपैकी एकालाही इतकं नेमकं सांगता आलेलं नाही.

आता तू म्हणशील, लेनी, सध्या सामने तरी कुठे आहेत? तेच तर. आपला हंगाम कागदावर जानेवारीत संपतो, खरा तो ऑक्टोबरातच आटोपलेला असतो. मग सप्टेंबरपर्यंत कोणी खेळत नाही, म्हणजे कोणी हरत नाही. म्हणजे हाच आपल्या गावाचा सर्वांत सुखाचा काळ असायला हवा. पण या महिन्यांत संघाची माणसं कचेरीत बसून निर्णय घेतात, आणि मैदानावरची हार निदान तीन तासांत संपते, कचेरीतली पाच पाच वर्षं चालते. त्यात हे सगळे करार नेमके आपल्या लेंटच्या उपवासाच्या दिवसांत होतात. पोटात मांस नाही, डोक्यात ओक्स. अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघेल याचा भरवसा नाही.

तर झालं असं. मार्चमधला शुक्रवार. सेंट सिरिल चर्चच्या तळघरात नेहमीप्रमाणे तळलेल्या माशांचं जेवण. मी तळणीवर, रे सॅबोल कोबीच्या कोशिंबिरीवर (तू त्याला ओळखतेस, माझ्या लग्नात पडला होता तो), फादर ब्रॅनिगन सॉसची पळी घेऊन उभे, आणि आमचा डॅनी खास कोलंबसहून पिरोहीच्या करंज्या वाढायला आलेला. तुला डॅनीचं आणि माझं ठाऊक आहे. तो संगणकावर काहीतरी करतो, ते त्याने मला तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा मी मान हलवली. मी बस चालवतो, ते त्याला समजावण्यासारखं काही नाही. हवापाण्याचं बोललो की आमचं संपतं. पण ओक्सचं नाव काढलं की आम्ही चार चार तास बोलतो. हंगामात दर घरच्या सामन्याला तो दोन तास गाडी हाकत येतो, आणि आम्ही दोघं आजोबांच्या त्या उत्तरेकडच्या जागांवर बसतो, जिथे सरोवरावरचा वारा थेट कानात शिरतो. मी ओक्सला नावं ठेवतो, तो ओक्सची बाजू घेतो. मावशी, मी हे कधी कोणाला बोललो नाही, पण वर्षभर मी त्या रविवारांवर जगतो.

त्या शुक्रवारीही तेच चाललं होतं. मी म्हणत होतो, आता करार संपतोय, ओक्सला हार घालून निरोप द्या. डॅनी ताटं भरता भरता म्हणाला, “बाबा, त्याच्यासमोर अडवायला पाच जण उभे करतात, पाचही दारासारखे उघडतात. तुम्ही असता तिथे तर?”

“मी असतो तर चेंडू आपल्या माणसाकडे फेकला असता. शर्टाचा रंग बघून.”

“तीन धिप्पाड गडी अंगावर आल्यावर रंग दिसतो का?”

“माझ्या बसमध्ये साठ पोरं अंगावर येतात, सिग्नलचा रंग दिसतो!”

यावर सगळं तळघर हसलं. माझ्या बाजूने हसलं, आणि तिथेच माझा घात झाला. माणसाला टाळ्या मिळाल्या की अक्कल रजेवर जाते. रेने कोशिंबिरीतून डोकं वर काढून विचारलं, आणि समजा ठेवलं त्याला, तर काय करशील? तर मी झारा उंच धरून, तेल ठिबकत असताना, कोपऱ्यातल्या सेंट जोसेफच्या पुतळ्याकडे बघून म्हणालो, “सेंट जोसेफच्या साक्षीने सांगतो, ओक्स आपल्याकडून खेळतोय तोवर लेनी हुडाकचं पाऊल त्या स्टेडियममध्ये पडणार नाही!”

फादर ब्रॅनिगन म्हणाले, “आमेन.”

आणि मावशी, त्या ‘आमेन’चा न अजून हवेत होता, एवढ्यात तळघरातले सगळे फोन एकदम गुरगुरले. पाच वर्षं. संपूर्ण खात्रीचे पैसे. कॉड मासा तेलात करपला, तो वास तेवढा आला. मग डॅनी हसायला लागला. वाईट हेतूने नाही, अगदी पोट धरून, लहानपणी हसायचा तसा. मी भाजलेल्या बोटाला फुंकर घालत होतो, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी म्हणालो, “हसतोस काय? तुझा ओक्स तुला लखलाभ. जा, तूच बस त्याला बघत. नाहीतरी तू येतोस तो त्याच्यासाठी, माझ्यासाठी थोडाच येतोस.”

डॅनीचं हसू थांबलं. त्याने एप्रन काढला, त्याची घडी घातली, टेबलावर ठेवली आणि निघून गेला. घडी घालून गेला, मावशी. आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं, आदळआपटीला काय उत्तर द्यायचं ते आम्हा हुडाकांना कळतं.

दुसऱ्या दिवशी मी फादरांकडे गेलो. म्हटलं, मासा तळताना काढलेला शब्द, भाजलेलं बोट, रिकामं पोट, ही काय शपथ झाली? फादरांनी डोळे मिटून बराच विचार केला. मग म्हणाले, संत साक्षीला होते, लेंट चालू होता, वास्तू देवाची होती, आणि मी स्वतः आमेन म्हटलं, आता माझ्या हातात काय आहे? मी म्हटलं, फादर, तुम्ही सोडवू शकता. ते म्हणाले, “लेनी, शपथ ती शपथ. पण जागा रिकाम्या राहाव्यात असं काही देवाने म्हटलेलं नाही.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. स्टेडियममधल्या हंगामभराच्या राखीव जागांसाठी जी वेटिंग लिस्ट आहे, तिच्यात फादर ब्रॅनिगन दीक्षा घेतली तेव्हापासून आहेत, आणि आता अगदी वर पोचले आहेत. या महिनाअखेरीपर्यंत मी जागांचं नूतनीकरण केलं नाही, तर आजोबांच्या जागा यादीत ज्याचा नंबर लागेल त्याला जातात. एकदा गेल्या की गेल्या. (मी फादरांवर आरोप करत नाही. ते मला बघून हल्ली फार प्रेमाने हसतात, एवढंच नोंदवतो.)

गावाने यात जमेल तेवढी मदत केली, म्हणजे आगीत तेल ओतलं. बेकरीत, बँकेत, दाढदुखीच्या डॉक्टरकडे, जिथे जाईन तिथे पहिला प्रश्न, “काय लेनी, पाऊल कुठे?” रे सॅबोलचं म्हणणं, शपथ फक्त पावलाची आहे, तेव्हा तो मला बागेतल्या हातगाडीत बसवून आत ढकलत नेईल. मी त्याला हाकलून दिलं. दोन दिवसांनी मी अंगणात उभं राहून ती हातगाडी माझं वजन पेलेल का याचा अंदाज घेत होतो, तेवढ्यात मार्लीनने खिडकीतून बघितलं. तिने पडदा ओढला. जागा नव्याने घ्याव्यात तर मी आत जाऊ शकत नाही, आणि शेजारी बाप नसताना वारं खायला डॅनी कशाला येईल? न घ्याव्यात तर आजोबा स्वर्गातून खाली उतरतील. मी दोन्ही बाजूंनी मेलो.

डॅनीला फोन करावा, हे मार्लीन रोज सांगते. करणार होतो. पण फोन करून हवापाण्याचं झाल्यावर काय बोलायचं? अशातच एप्रिलमध्ये एक दिवस मी दुपारची पोरं घरी सोडून बस उभी केली आणि रेडिओवर बिग हर्बचा कार्यक्रम लावला. तोच तो, लोक फोन करून संघाचा उद्धार करतात तो. (तूही एकदा ‘डोंगरावरची एक वृद्ध भगिनी’ म्हणून फोन केला होतास. मी आवाज ओळखला होता, कोणाला सांगितलं नाही.) हर्ब म्हणाला, आता लाइनवर आहे कोलंबसहून डॅनी. मी स्टिअरिंग घट्ट धरलं. डॅनी ओक्सच्या करारावर बोलत होता, आकडे देत होता, सुंदर बोलला. शेवटी हर्बने विचारलं, घरी सगळ्यांचं हेच मत आहे का? डॅनी म्हणाला, “वडिलांचं उलट आहे. पण सध्या आमचं बोलणं नाही.”

माझी बोटं आपोआप नंबर दाबत होती. पाच जणांनंतर माझी पाळी आली. बोलायचं म्हणून मी ओक्सच्या खांद्यावर बोललो. हर्ब म्हणाला, मघाच्या त्या कोलंबसच्या पोराला काही सांगायचंय का, लेनी? मी म्हणालो, “त्याला सांगा, अडवणारे पाच जण दारासारखे आहेत हे मला मान्य आहे. आणि त्याचा कोट तळघरात खुंटीवर राहिलाय.”

हर्बने जाहिरात लावली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला डॅनी पुन्हा लाइनवर. ओक्सचा खांदा गेल्या वर्षी ठीक नव्हता हे त्यालाही मान्य आहे, म्हणाला, आणि कोट राहू द्या, आता उन्हाळा येतोय. तेव्हापासून हे असं चाललं आहे, मावशी. मी माझ्या मुलाशी बोलतो ते अर्ध्या ओहायोच्या देखत, मध्ये गाडीच्या टायरांच्या जाहिराती. मार्लीनच्या दाढेची खबर मी त्याला कॉलेजातून यंदा संघात निवडायच्या पोरांच्या चर्चेत घुसडून दिली. तो नव्या घरात राहायला गेला, हे मला हर्बकडून कळलं. लोक म्हणतात कार्यक्रम फार रंगलाय. मी बसमध्ये एकटा बसून ऐकतो आणि सामना संपून मैदान रिकामं झाल्यावर वाटतं तसं मला वाटतं.

आता एवढ्यात ती कॉलेजच्या पोरांची निवड झाली. गावाला आशा होती की पहिल्या फेरीत आपण तरणाबांड क्वार्टरबॅक उचलू, ओक्सला बाकावर बसवू, आणि मी सुटेन. मी मेणबत्ती लावली होती. आपल्या मॅनेजरने पहिल्या फेरीत कोण घेतला? चेंडूला लाथ मारणारा. म्हणजे सगळं फसलं की चेंडू लांब लाथाडून समोरच्यांच्या हवाली करायला जो येतो, तो. त्या अर्थी निवड दूरदृष्टीची आहे, यंदा त्याला काम भरपूर आहे. त्या दिवशी डॅनी आणि मी पाठोपाठ फोन केले आणि दोघांनी अक्षरशः तीच शिवी दिली. आमचं एकमत झाल्याने हर्ब नाराज झाला.

अशी ही परिस्थिती. माझ्यात आता काही राम उरलेला नाही. मी या खेळातून मन काढून घेतलं आहे, टोमॅटो लावायचं ठरवलं आहे, आणि हे मी शांतपणे लिहितो आहे. मठातल्या सर्वांना माझा नमस्कार सांग, मांजरीच्या पिल्लांना माझ्याकडून दूध घाल, आणि जिने उतरताना कठडा धर.

तुझा भाचा,
लेनी

ता. क. : सहज आठवलं म्हणून लिहितो. आपले बिशप तुझ्या वर्गात दुसरीत होते ना? तू त्यांचा कान पिळला होतास, असं तूच सांगितलं होतंस. फादर ब्रॅनिगन मला सोडवणार नाहीत, पण बिशप फादरांच्या वर आहेत आणि तू बिशपांच्या वर आहेस. तू फक्त त्यांना एक ओळ लिही की मासे तळताना काढलेला शब्द शपथ धरू नये. खरं सांगायचं तर हे सगळं पत्र मी एवढ्यासाठीच लिहिलं. महिनाअखेर बघता बघता येईल.

ता. क. २ : पाकीट अजून चिकटवलं नव्हतं म्हणून बरं. आत्ताच बातमी आली. ओक्सने इस्पितळातल्या मुलांसाठी पोत्याची शर्यत ठेवली होती. स्वतःही पोत्यात शिरला, पडला, आणि टाचेची शीर तुटली. डॉक्टर म्हणतात हा हंगाम गेला. मार्लीन म्हणते मी हसलो. मी हसलो नाही, माझं तोंड तसं झालं. फादरांना विचारलं, तेही नाइलाजाने म्हणाले की तो मैदानात उतरत नाही तोवर तुझी शपथ झोपलेली आहे. मी धावत जाऊन दोन्ही जागा पक्क्या केल्या. बिशपांना काही लिहू नकोस. (शिवाय फादरांकडून कळलं की वेटिंग लिस्टमध्ये बिशप त्यांच्याही वर आहेत.) मग मी हर्ब लावला. डॅनी लाइनवर होता. एवढा मोठा माणूस, पोत्याच्या शर्यतीवरून नाक ओढत होता, आणि मी बसमध्ये बसून त्या ओक्ससाठी रडलो.

ता. क. ३ : डॅनीचा फोन आला. हर्बकडे नाही, घरी. हवापाण्याचं झालं, टाचेचं झालं, आणि मग मी म्हणालो, त्या दिवशी मी बोललो ते चुकलं, तू कोणासाठी येतोस ते मला माहीत आहे. तो म्हणाला, “बाबा, पहिल्या सामन्याला येतोय. ओक्स असो नसो.” आणि ठेवता ठेवता सांगितलं की त्याने तुला फोन करून ओक्सच्या टाचेसाठी नऊ दिवसांच्या प्रार्थनेची नोव्हेना सांगितली आहे आणि अख्खा मठ आज संध्याकाळपासून बसतोय.

मावशी, तुमच्या मठाचा हातगुण मला ठाऊक आहे. रेच्या मुतखड्यासाठी तुम्ही बसलात तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर तो सापडलाच नाही. डॉक्टर काहीही म्हणोत, तुम्ही मनावर घेतलंत तर हा माणूस नोव्हेंबरात धावायला लागेल, माझी शपथ जागी होईल, आणि मी त्या दारातून बाहेर. तेव्हा खरी विनंती अशी की नोव्हेना जरा सावकाश म्हणा. एखादा दिवस विसरा. तुमच्यातल्या निम्म्या जणी ऐंशीच्या पुढे आहेत, कोणाला संशय येणार नाही.

नको. वरचं खोडणार होतो, पण ते खोडलं तर तू ते उजेडात धरून वाचशीलच. डॅनीने मागितलं आहे तेच मागा, पूर्ण मागा. ओक्स परत आला तर मी बाहेर गाडीत बसेन, डॅनी आत बसेल, आणि फोन चालू ठेवेल. त्याला मी अजून विचारलेलं नाही, पण ठेवेल तो. ओक्स आल्या आल्या पहिलाच चेंडू समोरच्यांच्या हातात देईल, आणि आम्हा दोघांना पुढच्या सप्टेंबरपर्यंत बोलायला पुरेल.